समुपदेशकाने कोणाकडे जायचे?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते आणि याबाबत कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक राहतील, असे न्यायालयाने सांगितले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती असावी, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे आणि शिक्षक-शिक्षकेतर सर्वांचे वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण व्हावे, असे त्यांतले मुख्य आदेश आहेत. आमच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या दिवशी पेटलेला वाद दिवाळी सरली, दहावीचे पेपर झाले तरी विझलेला नाही. आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक, छडीने सरळ झालोच ना, असे एका बाजूचे म्हणणे. तर पद मंजूर करा, माणूस नेमा आणि मोकळे व्हा, असे दुसऱ्या बाजूचे.

पहिल्या बाजूला उत्तर देण्यात मी फार वेळ घालवणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतल्या सर्वाधिक, म्हणजे १,७६४, महाराष्ट्रातल्या होत्या. छडीने सरळ झालेल्यांची गणती कोणी ठेवली असेल तर ती या आकड्यांशेजारी मांडावी. माझा वाद आहे तो दुसऱ्या बाजूशी, म्हणजे खरे तर माझ्याच बाजूशी. माणूस नेमला की मोकळे होता येते, हे मला पटत नाही. आणि का पटत नाही, हे मला वेल्समधल्या एका शाळेत बसून उमगले.

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी नऊ वर्षे गणित शिकवले. आता वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत 'कव्हर सुपरवायझर' आहे, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर दिवसभर ऑफ तास घेते. या कामाला मान थोडा, पण सगळ्या वर्गांत शिरकाव असतो, त्यामुळे शाळा कशी चालते ते नीट दिसते. इथल्या समुपदेशिकेची खोली पूर्वी पियानोच्या सरावाची होती, म्हणून भिंती जाड आहेत. आत दोन बुटक्या खुर्च्या, टिश्यूचा डबा आणि एक घड्याळ. हे घड्याळ मुलाच्या पाठीमागच्या भिंतीवर लावले आहे, कारण समुपदेशिकेने मनगटाकडे पाहिले की बोलणारे मूल गप्प होते. मुलाला बोलावण्याची चिठ्ठी वर्गात माझ्याच हातात येते आणि ती गिटारच्या तासाच्या किंवा दातांच्या डॉक्टरांकडे जायच्या चिठ्ठीसारखीच हिरवी असते. कोण कुठे चालले आहे हे शेजारच्या बाकावरच्यालाही कळू नये, एवढा विचार एका कागदाच्या रंगामागे केलेला आहे.

हे सारे कोणा मुख्याध्यापकाच्या सौजन्यावर चाललेले नाही. २०१३ च्या वेल्सच्या शालेय कायद्याने सर्व बावीस स्थानिक प्राधिकरणांवर बंधन घातले आहे की, अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांना, आणि प्राथमिक शाळेच्या शेवटच्या म्हणजे सहाव्या वर्गातल्यांनाही, 'स्वतंत्र' समुपदेशन मिळाले पाहिजे. सेव्हर्न नदीचा पूल ओलांडून इंग्लंडात गेले की हे बंधन संपते. ब्रिटन या एकाच देशातल्या दोन किनाऱ्यांवर दोन नियम आहेत. वेल्समध्ये हा कायदा सहज आलेला नाही. एका नाट्यशिक्षकाने वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांचे लैंगिक शोषण केल्याच्या आरोपांची चौकशी तेव्हाचे बालआयुक्त पीटर क्लार्क यांनी केली आणि २००४ मध्ये अहवाल दिला. अहवालाचे नाव 'क्लिवच', वेल्श भाषेत 'ऐका'. मुलांना शाळेत असे कोणीतरी हवे की जे शाळेचे नसेल, हा विचार त्या चौकशीतून पुढे आला. २००८ मध्ये त्याचे राष्ट्रीय धोरण झाले आणि आणखी पाच वर्षांनी कायदा.

आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराविरुद्ध लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यानंतर शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्यांची आठवण सर्वांना झाली. वास्तविक मार्च २०२२ च्या शासन निर्णयानेच त्या प्रत्येक शाळेत असायला हव्या होत्या. म्हणजे घटना, संताप आणि आदेश इथपर्यंतचा प्रवास दोन्हीकडे सारखाच आहे; फरक पडतो तो आदेशातल्या एका शब्दाच्या पुढे. वेल्सच्या कायद्यातला 'स्वतंत्र' हा शब्द आपल्या वादात कोणीच उच्चारत नाही. इथली समुपदेशिका आमच्या मुख्याध्यापकांना उत्तरदायी नाही. तिला स्थानिक प्राधिकरणाकडून नेमले जाते, तिच्या नोंदी शाळेच्या कपाटात नसतात, आणि मुलाला पुरेशी समज आहे असे तिला वाटले तर पालकांच्या परवानगीवाचून ती त्याच्याशी बोलू शकते. १९८५ च्या गिलिक खटल्यापासून इथे ते तत्त्व रुळले आहे.

पण ज्या गोष्टीचा मला खरा हेवा वाटला, ती मला कळायला बराच वेळ गेला. महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी ती खोली बंद असते. मी एकदा सहज विचारले, तर ती म्हणाली की त्या दिवशी ती 'सुपरव्हिजन'ला जाते. मराठी शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हा शब्द ऐकून परीक्षेचा हॉल, पुरवण्यांचा गठ्ठा आणि मधल्या रांगेतून फिरणारे सर येतात. नाहीतर व्हरांड्यातून वर्गावर्गांत डोकावणारे पर्यवेक्षक. इथे त्याचा अर्थ असा की समुपदेशक आपल्याहून अनुभवी अशा दुसऱ्या समुपदेशकाकडे नियमाने जातो, मुलांची नावे न घेता आपली प्रकरणे मांडतो, कुठे चुकले, कुठे अडले, पोलिसांना किंवा समाजकल्याण खात्याला कधी कळवायचे, आणि ऐकलेल्या गोष्टींनी आपली स्वतःची झोप उडाली आहे का, हे सारे बोलतो. ब्रिटनमधल्या समुपदेशकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने अधिस्वीकृत सदस्याला त्यासाठी महिन्याला किमान दीड तास ठरवून दिला आहे. ज्याच्याकडे जायचे तो माणूस साहेब नसतो आणि गोपनीय अहवालही लिहीत नाही. गंमत म्हणजे 'समुपदेशक' ही उपाधी ब्रिटनमध्येही कायद्याने संरक्षित नाही, उद्या कोणीही पाटी लावू शकतो. तरीही या दीड तासाची शिस्त व्यवसायाने स्वतःवर घालून घेतली आहे.

माझी मावसबहीण, म्हणजे माझी ताई, पुणे जिल्ह्यातल्या एका खाजगी संस्थेच्या तीन शाळांसाठी समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम.ए., त्यावर समुपदेशनाची पदविका, अनुभव अकरा वर्षांचा. तिची बसायची जागा म्हणजे क्रीडासाहित्याची खोली. कॅरम बोर्ड भिंतीला टेकवलेले, वर लेझीमची पोती, आणि मूल रडकुंडीला आले असताना व्हॉलीबॉल न्यायला कोणीतरी दार ढकलून आत येते. शिक्षक रजेवर असला की ऑफ तास तिच्याकडे, बोर्डाच्या परीक्षेत सुपरव्हिजन (आपल्या अर्थाचे) तिच्याकडे, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन तिच्याकडे, कारण 'तुम्हाला काय, वर्ग नसतो'. हेही ती हसून सांगते. जे ती हसून सांगत नाही ते असे की, एखाद्या मुलीने घरातल्या माणसाविषयी काही सांगितले की त्या क्षणापासून ताई एकटी असते. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. कायदा योग्यच आहे. पण मुलीने सांगितले ते नेमके काय होते, तिला आज घरी पाठवायचे की नाही, मुख्याध्यापकांना आधी सांगावे की बालकल्याण समितीला, संस्थाचालकांचा फोन आला तर काय बोलायचे, हे तिने त्याच दुपारी, एकटीने, कॅरम बोर्डांच्या सोबतीने ठरवायचे असते.

मी हे लिहिते आहे त्याला माझेही एक कारण आहे. साताऱ्याच्या शाळेत असताना नववीतल्या एका मुलीने तास संपल्यावर थांबून मला एक गोष्ट सांगितली. मी घाबरले आणि सरळ मुख्याध्यापकांना जाऊन सांगितले. त्यांनीही घाबरूनच, संध्याकाळच्या आत, तिच्या वडिलांना बोलावून घेतले. ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. दाखला न्यायला तिचा काका आला होता. मुख्याध्यापकांना मी आज दोष देत नाही, आम्हा दोघांनाही त्या दिवशी विचारायला कोणी नव्हते. पण तेव्हा शाळेत समुपदेशक असता तर काय झाले असते, याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की बहुधा तेच झाले असते, कारण तोही मुख्याध्यापकांच्याच पगारपत्रकावर असता आणि त्यालाही विचारायला कोणी नसते.

वेल्सचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. इथे पहिल्या भेटीसाठी मुलांना आठवडेच्या आठवडे थांबावे लागते, समुपदेशकांना बहुधा शाळेच्या सत्रापुरतेच तास मिळतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या त्या खोलीला कुलूप असते; ज्यांना मानसोपचाराची गरज असते त्यांची बालमानसोपचार सेवेची रांग त्याहून लांब आहे. शिवाय जेमतेम बत्तीस लाख लोकसंख्येच्या प्रदेशाने केलेली गोष्ट लाखभर शाळांच्या महाराष्ट्राने तशीच उचलावी, असे म्हणणे हास्यास्पद होईल. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळाच आपल्याकडे हजारोंनी आहेत, आणि शंभरचा निकष त्यांना लागूच होत नाही. त्यांनी 'बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून' घ्यायचे म्हणजे नंदुरबारच्या डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेने नेमके कोणाशी?

आपल्याकडे मात्र एक रचना तयार आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्याचे केंद्रप्रमुख आणि केंद्रपातळीवर भरणारी शिक्षण परिषद, हे सांगाडे जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्षानुवर्षे आहेत. समुपदेशक प्रत्येक शाळेला एक मिळेल तेव्हा मिळेल; आधी तालुक्याला एक ज्येष्ठ समुपदेशक नेमावा, त्याची नियुक्ती जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे असावी, कोणत्याही शाळेकडे नसावी, आणि तालुक्यातल्या सगळ्या समुपदेशकांनी, तसेच मुलांचे ऐकून घेणाऱ्या शिक्षकांनीही, महिन्यातून एकदा त्याच्याकडे जाणे हा सेवाशर्तींचा भाग असावा. हे कामाच्या वेळेत व्हावे आणि प्रवासभत्त्यासह व्हावे. असे महाराष्ट्रात कधी झालेच नाही असेही नाही. एचआयव्ही तपासणी केंद्रांतल्या समुपदेशकांसाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने चालवलेल्या 'सक्षम' प्रकल्पात प्रशिक्षण देऊन सोडून न देता पुढच्या मार्गदर्शनाचाही विचार केलेला होता. एचआयव्हीसाठी जे आपल्याला सुचले ते शाळेसाठी सुचू नये, याचे मला नवल वाटते.

दुसरी उणीव भाषेची आहे. इथे समुपदेशन सुरू होताना मुलापुढे दहा प्रश्नांचा एक कागद ठेवतात, गेल्या आठवड्यात कसे वाटले ते शून्य ते चार यांपैकी एका आकड्यावर खूण करून सांगायचे. ताईनेही तो वापरून पाहिला, पण तिच्याकडच्या मुलांना 'चिंता' हा शब्दच परका. त्यांच्या पोटात गोळा येतो, जीव खालीवर होतो, करमत नाही, अभ्यासाला बसले की डोके बधिर होते. हे शब्द ज्यात आले आहेत असा मराठी कागद तिने स्वतःच बनवला आहे, चार वर्षांत सुधारत सुधारत. तो तिच्या तीन शाळांबाहेर कोणाला ठाऊक नाही, कारण तो कोणाला दाखवावा अशी जागाच नाही. 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मुलांसाठी भिंतीवर लावायला न्यायालयाने सांगितले आहे आणि तो लावलाच पाहिजे. मला प्रश्न पडतो तो त्या भिंतीशेजारी बसणाऱ्या बाईचा, तिने कोणता क्रमांक फिरवायचा.

मागच्या महिन्यात फोनवर मी ताईला त्या गुरुवारच्या दुपारविषयी सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग तिने एवढेच विचारले, "पगारी?" मी हो म्हणाले. त्यानंतर तिने आणखी तिघी समुपदेशक मैत्रिणी जमवल्या आहेत आणि पुण्यातल्या एका निवृत्त मानसशास्त्रज्ञ बाईंकडे चौघी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जातात, फी आपसांत वाटून. ताईची शाळा शनिवारी सकाळी भरते, म्हणून तिला अर्धी रजा टाकावी लागते. रजेच्या अर्जावर कारण तिने 'घरगुती' असे लिहिले आहे.