तिळांच्या त्या संदेशाला उत्तर

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं असं: तीळ आईबापांकडून येतात, म्हणून घरात कुणाला तिळाचा कॅन्सर झाला असेल तर तुमचेही तीळ त्याच वाटेवर आहेत. आपण सावळे, त्यामुळे उन्हात पडणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांसारखी भीती आपल्याला नाही. आणि तीळ कापू नका, कापला की पसरतो. चुना लावून जाळा. घाबरवणं आणि निर्धास्त करणं, दोन्ही एका दमात!

पहिला दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घोळ घालतो. अंगावर किती तीळ उठणार यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. एकसारख्या जुळ्यांच्या तिळांची संख्याही बरीच जुळते. पण नेहमीच्या तिळातला बदल वारशाने आलेला नसतो. रंगद्रव्य बनवणाऱ्या एखाद्या पेशीत कधीतरी ‘बीआरएएफ’ या जनुकातलं एक अक्षर बदलतं, ती पेशी वाढत जाते आणि तीळ होतो. हा बदल त्या जागेपुरताच. तो आईने दिलेला नसतो आणि लेकीला देता येत नाही. बहुतेक साध्या तिळांत तो सापडतो, आणि त्वचेच्या जवळपास निम्म्या मेलानोमांतही. मेलानोमा म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या या पेशींचा कॅन्सर, संदेशातला ‘तिळाचा कॅन्सर’ तो हाच. मग सगळे तीळ मेलानोमा का होत नाहीत? वाढ सुरू झाली की पेशी स्वतःच ब्रेक लावते म्हणून. त्यातला एक ब्रेक म्हणजे ‘पी१६’ हे प्रथिन. ते ‘सीडीकेएन२ए’ या जनुकावरून तयार होतं.

वारशाचा खरा मुद्दा इथे येतो. काही कुटुंबांत हे ब्रेकचं जनुकच बिघडलेलं उतरतं, हे १९९४ साली कळलं. पण मेलानोमाच्या दहा रुग्णांत साधारण एकाच्याच घरी तो आधी कुणाला झालेला असतो, आणि त्या घरांपैकीही थोड्याच घरांत हे बिघडलेलं जनुक मिळतं. घरात दोघातिघांना झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. एका मावशीवरून साऱ्या घराला धास्तीत टाकू नका.

‘तुमचेही तीळ त्याच वाटेवर’ हे तर गणितातही बसत नाही. अमेरिकेतल्या एका अंदाजानुसार, चाळिशीच्या आतल्या माणसाचा एखादा तीळ वर्षभरात मेलानोमा होण्याची शक्यता दोन लाखांत एकाहूनही कमी. शिवाय दहातले सातेक मेलानोमा तिळातून नव्हे, कोऱ्या त्वचेवर उगवतात.

आता सावळेपणा. मेलानिन, म्हणजे त्वचेतलं रंगद्रव्य, आपल्याला वाचवतं, कळंगुटला भाजून लाल होणाऱ्या पाहुण्यांपेक्षा आपला धोका खूपच कमी, हे मान्य. पण आपल्या लोकांत मेलानोमा होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. याला अ‍ॅक्रल मेलानोमा म्हणतात. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. ‘बीआरएएफ’मधला बदलही त्यात कमी आढळतो. हणजूणच्या शॅकमध्ये ज्याचं चित्र हमखास टांगलेलं असतं, त्या जमैकाच्या गायक बॉब मार्लीला हाच झाला होता, पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली. १९७७ मध्ये निदान झालं, १९८१ मध्ये तो गेला, वय ३६.

आपल्याकडेही हेच होतं. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, अनवाणी वावरणाऱ्याच्या तळव्यावरचा काळा डाग काट्याच्या नाहीतर ठेचेच्या नावावर खपून जातो. संदेश मात्र गालावरचे तीळ मोजायला लावतो! नखांवर काळसर पट्टे सावळ्या माणसांत सर्रास असतात, बहुतेक निरुपद्रवी. पण एकाच नखावरचा पट्टा रुंद होत चालला, किंवा काळेपणा नखाशेजारच्या कातडीवर उतरला, तर थांबू नका.

कापल्याने पसरतो, हे साफ खोटं. वेळेत कापून काढणं हाच मेलानोमाचा मुख्य उपचार. उशिरा आलेल्या रुग्णात तो आधीच पसरलेला असतो आणि बोल सुरीला लागतो. चुन्याने वरची कातडी भाजते, खालच्या पेशी राहू शकतात, आणि तपासायला धड नमुनाही उरत नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवा. तीळ कुठेही काढून घेतलात तरी काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवलाय ना, हे डॉक्टरांना विचारा.