'रिॲक्ट शिका, बाकी सोडा' म्हणे!

परवा भाच्यानं एक मेसेज पाठवला. खाली विचारलं होतं, 'मामा, हे खरं का?' तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. वेब प्रोग्रॅमिंगची चांगल्या पगाराची नोकरी हवी? मग फक्त रिॲक्ट (वेब पानं बांधायचं तयार साधन) शिका. एचटीएमएल (पानाचा सांगाडा), एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) असलं जुनं एआयवर सोडा. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) दहा प्रोजेक्ट टाका. फाडफाड इंग्रजी बोला. आणि कोल्हापूर सोडून पुणे गाठा. शेवटी अर्थातच कोर्सची लिंक.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत मी बारा वर्षं हेच काम करतोय, मुलाखतीही घेतो. त्यामुळं भाच्याला द्यायचं उत्तर जरा लांबलं.

रिॲक्ट शिकायला माझी ना नाही, आमच्याकडंही तेच चालतं. खटकतं ते 'फक्त'. २०१० मध्ये आलेलं तसलंच साधन अँग्युलरजेएस शिकतानाही आम्हाला असंच सांगितलं होतं. २०२१ संपता संपता गूगलनं त्याची देखभाल थांबवली. खुद्द रिॲक्टमध्ये २०१९ ला हुक्स ही कोड लिहायची नवी पद्धत आली आणि जुन्या पद्धतीचे क्लास कंपोनंट पाठ केलेल्यांना परत पाटी घेऊन बसावं लागलं. नवा प्रोजेक्ट सुरू करायला ज्यानं त्यानं वापरलेलं क्रिएट रिॲक्ट ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्तसुद्धा झालं. या सगळ्यांच्या खालची भाषा जावास्क्रिप्ट मात्र १९९५ पासून वाढतच आली, कुणी ती मोडून नवी केली नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यात संगणकावर चालणारं नवं सीएनसी मशिन आलं म्हणून ज्याला मापाचा मायक्रोमीटर वाचता येतो त्याचं काही अडत नाही. ज्याला फक्त जुन्या मशिनची बटणं पाठ होती, तो मात्र अडतो.

आता एआय. हा मुद्दा सगळ्यात गुळगुळीत आणि सगळ्यात घातक.

मुलाखतीत मी एक पान करायला देतो. ऑर्डरची यादी दाखवायची, एवढंच. सर्व्हर मात्र मुद्दाम ५०० देतो, म्हणजे 'माझ्याकडं बिघाड झालाय', सोबत चूक सांगणारा मजकूर जेसनमध्ये (डेटा पाठवायची लेखी पद्धत). मागं एक मुलगा आला. कोड देखणा, फेचनं (सर्व्हरकडून डेटा मागवायची सोय) यादी मागवलेली, खाली चूक झेलणारा कॅच नीट लावलेला. पान उघडलं तर ठळक अक्षरात 'एकही ऑर्डर नाही'. कारखानदारानं हे बघितलं तर त्याला घाम फुटेल.

'कॅचमध्ये का नाही गेलं?' मी विचारलं.

'सर, एआयनं लिहून दिलंय. बरोबरच असणार.'

फेचचा स्वभाव असा, की नेटवर्क तुटलं किंवा ब्राउझरनंच अडवलं तर ते चूक मानतं. सर्व्हरनं ४०४ (मागितलेलं सापडलं नाही) दिला काय किंवा ५०० दिला काय, त्याच्या लेखी उत्तर आलं. उत्तर ठीक आहे का, हे आपण तपासायचं. नंतर आलेल्या एका मुलीलाही हे माहीत नव्हतं. पण तिनं आधी सर्व्हरशी झालेली देवाणघेवाण दाखवणारा ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला, लाल ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'सर, सर्व्हर बोंबलतोय आणि आपला कोड ऐकतच नाही.' दुसऱ्या दिवशी मीच तिला फोन केला.

एआय मीही रोज वापरतो, सोवळं नाही. पण त्यानं दिलेला कोड कुठं फसेल हे ओळखायचं कामच आता जास्त आहे. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीचं पान रडतखडत उघडायचं. बघितलं तर यादीसाठी डेटाबेसला एक प्रश्न, म्हणजे क्वेरी, आणि प्रत्येक ऑर्डरमागं ग्राहकाचं नाव आणायला आणखी एक; २०० ऑर्डरींना २०१ क्वेऱ्या. दोन्ही टेबलं जोडणारा एक जॉइन लावला, भागलं. तीच कथा पैशांची. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. गुळाच्या अडत्याच्या पट्टीत (हिशेबाच्या पावतीत) पैशांचा फरक पडायला लागला की हे कळतं. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवायची, हे ज्याला सुचतं त्याला एआय खरोखर कामाला येतं. ज्याला सुचत नाही, त्याची चूक एआय फक्त लवकर लिहून देतं.

दहा प्रोजेक्टचं म्हणाल तर ते मी उघडतही नाही. टू-डू लिस्ट, हवामान, कुठल्या तरी साइटची नक्कल, सगळ्यांची तीच. एका मुलानं खानावळीचा हिशेब ठेवणारं एकच ॲप दाखवलं होतं. दिसायला ओबडधोबड. पण मावशी ते खरंच वापरायच्या आणि 'अर्धा डबा कुठं लिहू?' म्हणून त्याला झापायच्या. त्या अर्ध्या डब्यासाठी त्यानं डेटाबेसचं टेबल कसं बदललं, जुन्या नोंदी कशा सांभाळल्या, यावर आम्ही अर्धा तास बोललो. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंदवही) प्रत्येक बदलापुढं 'अपडेट' न लिहिता कारण लिहिलेलं होतं, तेही आवडलं.

इंग्रजी वाचता यायलाच हवं, डॉक्युमेंटेशन त्यातच असतं. फाडफाड बोलण्यापेक्षा लिहिणं बघा. 'लॉगिन चालत नाही' हा बग रिपोर्ट नव्हे. कुठल्या ब्राउझरवर, काय दाबल्यावर, काय यायला हवं होतं आणि काय आलं, या चार ओळी साध्या इंग्रजीत लिहिणारा पोरगा परदेशी क्लायंटलाही चालतो.

राहिलं पुणे. नोकऱ्या तिथं जास्त आहेत, पगारही. नाही कशाला म्हणू? पण तिथंही कुणीतरी बंद पडलेलं पानच समोर ठेवणार. भाच्याला तेच ५०० देणारं पान पाठवलंय. अजून 'बघतो मामा' एवढंच उत्तर आलंय.