ड्रीम थिएटरने स्वतःचीच कॉपी मारली, बरं मग?

ड्रीम थिएटर या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँडच्या 'अ ड्रॅमॅटिक टर्न ऑफ इव्हेंट्स'वरचा तो जुना वाद परत सुरू झालाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आरोप असा की 2011 च्या या अल्बममधली गाणी 1992 च्या 'इमेजेस अँड वर्ड्स'च्या सांगाड्यावर बसवलीयेत. माझ्या मते आरोप खरा आहे, उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही. दोन्ही अल्बम लागोपाठ लावा. नव्यातलं 'ऑन द बॅक्स ऑफ एंजल्स' सुरू होतं ते जुन्यातल्या 'पुल मी अंडर'सारखंच, क्लीन गिटारचे सुटे सुटे सूर, मग हळूहळू बाकीचे येतात आणि मग जड रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा. सात नंबरला जुन्यात 'वेट फॉर स्लीप', नव्यात 'फार फ्रॉम हेवन', दोन्हीकडे पियानो आणि गायक लाब्रीचा आवाज. लगेच आठ नंबरला दोन्हीकडे दहा मिनिटांच्या वरचं अवाढव्य गाणं. एवढा योगायोग नसतो हो.

आता त्या वेळी बँडची हालत काय होती तेही बघा ना. सप्टेंबर 2010 मध्ये पोर्टनॉय गेला, म्हणजे नुसता ड्रमर नाही, संस्थापक आणि पंचवीस वर्षं सगळा कारभार बघणारा माणूस. नंतर ड्रम्सवर मांजिनीला घेतलं, पण तो गाणी लिहायच्या वेळी नव्हताच, गिटारिस्ट पेट्रुचीने ड्रम्स प्रोग्रॅम करून गाणी रचली आणि मांजिनीने नंतर येऊन ती वाजवली. घरातला कर्ता माणूस गेल्यावर लोक जुनी वही काढून आधी कसं केलं होतं ते बघतातच, त्यात लाज कसली.

आणि स्वतःचंच परत वापरणं या बँडला नवीन आहे का? पोर्टनॉयने दारू सोडण्यावर लिहिलेली ती पाच गाणी, 2002 ते 2009, पाच अल्बममध्ये पसरलेली, त्यातल्या शेवटच्या 'द शॅटर्ड फोर्ट्रेस'मध्ये आधीचे रिफ चक्क परत येतात. तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. कारण तिथे धून परत येते, कानाला लगेच ओळखू येते. इथे धून नवी आणि क्रम जुना, म्हणून लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

काहीजण म्हणतात ख्यालातही तेच असतं की, आधी विलंबित मग द्रुत. मला हे पटत नाही. तो आराखडा सगळ्यांचा आहे, इथे एका ठराविक गाण्यात कुठल्या वळणावर काय घडतं तेच उचललंय.

त्यामुळे माझा निकष सोपा आहे, ते वळण नव्या गाण्याला हवं होतं का? 'आउटक्राय'ला नको होतं. अरब स्प्रिंगवरचं, म्हणजे अरब देशांतल्या जनआंदोलनांवरचं गाणं, सुरुवात मस्त गंभीर, आणि मग मधेच जुन्या अल्बममधल्या 'मेट्रोपोलिस'छाप वाद्यांची कसरत सुरू होते, एक तुकडा, दुसरा तुकडा, तिसरा, सगळे जबरदस्त वाजवतात पण रस्त्यावर उतरलेली ती माणसं गेली कुठे तेच कळत नाही. 'मेट्रोपोलिस'मध्ये ती कसरत हेच गाणं होतं, इथे ती पाहुणी आहे.

उलट 'ब्रेकिंग ऑल इल्युजन्स' घ्या. सांगाडा जुन्या अल्बममधल्या आठ नंबरच्या 'लर्निंग टू लिव्ह'चा, आणि त्या गाण्याचे शब्द ज्याचे होते त्या बासिस्ट जॉन मायंगने इथेही पेट्रुचीबरोबर शब्द लिहिलेत, जो माणूस 1999 नंतर लिहीतच नव्हता! मधे सगळं थांबतं आणि पेट्रुची संथ, ब्लूजच्या अंगाने सोलो घेतो, घाई नाही, शायनिंग नाही, एकेक सूर ताणून धरतो, मग हळूच वेग वाढवत नेतो. त्या दोन-तीन मिनिटांसाठी मी त्यांना अख्खा 1992 परत वापरायची परवानगी देतो.

आणि हो, 'बिल्ड मी अप, ब्रेक मी डाउन'ला जुन्या अल्बममध्ये जोडीदार सापडत नाही, पूर्णपणे नवीन सांगाडा, आणि तेच अल्बममधलं सगळ्यात फालतू गाणं आहे. कमेंटमध्ये भांडायला या.