आईचं नाव यादीतून उडवलं, आणि वर मतदानाचे डोस

"मतदान करा, घराबाहेर पडा" म्हणून महिनाभर कान किटवले. पडलो ना बाहेर! ७८ वर्षांच्या आईला हाताला धरून नेलं, रांगेत उभं केलं, आणि टेबलामागचा माणूस यादीवर पट्टी फिरवून म्हणतो, "आजी, तुमचं नाव कमी झालंय."

आईच्या चौकटीवर तिरका 'डिलीटेड' शिक्का आणि बारीक 'एस'. म्हणजे शिफ्टेड. कुठे शिफ्टेड? लग्न होऊन आली त्याच घरात ती आजही राहते! शेजारच्या चौकटीत मी शाबूत, पत्ता तोच. आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा, जे वारले त्याला वर्षं लोटली, ते यादीत ठणठणीत.

आईने ओळखपत्र काढलं. "कार्ड चालत नाही, यादीत नाव लागतं." बरं, नियम तो नियम. मग १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २२ पण नियमच आहे की! माणूस राहायला दुसरीकडे गेला म्हणून नाव काढायचं, तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यायला लागते. आमच्या दारात एक चिटोरं आलं नाही. उमेदवारांचे मेसेज मात्र रात्री अकरापर्यंत येत होते, तेव्हा नंबर बरोबर सापडतात!

वर ऐकवतात, "ऑनलाइन तपासायचं होतं ना." का? नाव काढलं तुम्ही, शोधत बसायचं आम्ही? "आता फॉर्म ६ भरा." म्हणजे नव्याने नाव नोंदवायचा अर्ज. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवीन नाव घालताच येत नाही, हे त्यालाही ठाऊक. म्हणजे तो फॉर्म पुढच्या निवडणुकीसाठी. ७८ व्या वर्षी! कोणाच्या सांगण्यावरून काढलं विचारलं, तर "बीएलओंना विचारा." बीएलओ म्हणजे आमच्या केंद्राची यादी सांभाळणारी अधिकारी. ती बिचारी शाळेतली बाई, वर्ग सांभाळून दारोदार फिरते. तिच्यावर काय चिडायचं?

८५ च्या पुढच्यांना घरून मतदान, त्याचा केवढा गाजावाजा! यादीतच नाव नसेल तर घरी येऊन काय फोटो काढणार?

आणि संध्याकाळी चॅनेलवर चर्चा, टक्का घसरला, मतदार उदासीन. अहो, टक्का काढतात तो यादीतल्या नावांवर. आमच्या आईला तर तुम्ही उदासीनांतही धरलेलं नाही!