पालकांच्या बालवाडीबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

‘पालकांनी मिळून चालवलेल्या बालवाडीत लेकरू घातलं तर जिल्हा परिषद शाळेत पहिलीत नाव लागत नाही, अंगणवाडीचा आहारही बंद होतो,’ असा मेसेज गावोगावी फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला. चूक झाली, माफ करा.

त्यानंतर शिक्षण हक्क कायदा, 2009 वाचला. पहिलीसाठी वय पाहतात, बालवाडीचा दाखला नाही. कलम 13 नुसार लेकराची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. वयाचा पुरावा नसला तरी कलम 14 नुसार प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीचा मोफत आहार तर सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांचा हक्कच आहे, अन्न सुरक्षा कायदा, 2013 प्रमाणे. फक्त गरम जेवण अंगणवाडीतच मिळतं, म्हणून बालवाडी आणि अंगणवाडीच्या वेळा एकमेकींवर येऊ देऊ नका.

खरं विचारायचं ते पालकांनी आळीपाळीने बालवाडीत बसण्याचं. कापूस वेचणीच्या दिवसांत बालवाडीत बसायचा दिवस आईवर आला तर रोजी बुडते. त्या दिवशी आजी बसली तर चालेल का, ठरलेला दिवस चुकला तर काय, हे नाव घालण्याआधीच ठरवून घ्या. माझ्या मते निर्णय यावरच व्हावा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.