तीन दिवसांत उतरणारी कावीळ

पावसाळा लागला की यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंत एक मेसेज फिरतो. त्याचा मजकूर साधारण असा: कावीळ झाली तर दवाखान्यात पैसे घालू नका, डॉक्टरकडे काविळीवर औषधच नाही. झाडपाल्यानं तीन दिवसांत उतरते, हात धुतले की पिवळं पाणी निघतं, आणि जडीबुटीनं अपाय होत नाही.

डॉक्टरकडे औषध नाही, हे अर्धंच खरं. घाण पाण्यातून होणारी हिपॅटायटिस (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज) ए आणि ई बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या दिवसांत जो पाला पोटात गेला, त्याच्या नावावर गुण जमा होतो. पण हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरी होते. पित्तनळीत खडा अडकला असेल तर तो काढावाच लागतो. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ई झाली, तर तिच्या जिवावर बेततं.

पिवळ्या पाण्याची तर निव्वळ हातचलाखी. हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधीच चोळलेला असतो, चुन्याच्या पाण्यात तो पिवळा होतो. हाच रस धडधाकट माणसाच्या हाताला लावून बघा, त्याचीही कावीळ निघेल! नाकात कुकडवेलीच्या फळाचा अर्क टाकल्यावर वाहणारं पिवळं पाणी म्हणजे आतल्या त्वचेची आग. काविळीत डोळे पिवळे करणारं रक्तातलं द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, नाकावाटे निघत नाही.

आपल्याकडे खरा घात वेगळाच होतो. पूर्व विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, पुष्कळ, आदिवासींत आहे तसा इतर समाजांतही. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस टिकते, सिकलसेलची 10 ते 20 दिवसांतच फुटते. त्यातून बिलिरुबिन वाढतं, डोळे पिवळे दिसतात. यकृताचा काही दोषच नसतो. पोराचे डोळे पुन्हा पुन्हा पिवळे, हातपाय ठणकतात, ताप येतो, आणि घरचे दर वेळी त्याला कावीळ उतरवायला नेतात. वर्षं जातात, रक्त कोणी तपासत नाही. खरं तर साध्या रक्ततपासणीत संशय येतो, पुढच्या तपासणीत नक्की कळतं. हायड्रॉक्सीयुरिया या औषधानं दुखण्याचे झटके कमी होतात. 2023 पासून सिकलसेलसाठी राष्ट्रीय अभियानही सुरू आहे.

राहिला जडीबुटीच्या गुणाचा आणि अपाय न होण्याचा मुद्दा. भुईआवळ्यावर 1988 साली मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी बाबत मोठी आशा दाखवली होती, पण नंतरच्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वेल ओळखण्यात गफलत झाली असावी असं म्हटलं. समजा तसंच असेल. मग बाजारातल्या पुडीत कोणती वेल कुटली आहे, हे घेणाऱ्याला कसं कळणार?

कावीळ असताना रुग्ण गुंगीत जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच रात्री गाडी काढा. आणि कोणता पाला किती दिवस घेतला, ते डॉक्टरांना सांगा, ते चिडले तरी.