मालकाचं उत्तर: फोटोतली नारिंगी वायर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला आणि सीडी प्लेअरमध्ये नवी डॅक चिप, म्हणजे डिस्कवरच्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, बसवायचं आठवड्याचं काम तीन आठवडे लांबलं, त्याबद्दल माफी मागतो. या चिपच्या नकला बाजारात फार आहेत, खात्रीच्या ठिकाणाहून मागवायची तर थांबावं लागतं. हे तेव्हा फोनवरही बोललो होतो. असो.

पण 'साडेचौदा हजार घालवले, आवाजात काडीचा फरक नाही, सरळ लुबाडतात' असं लिहून तुम्ही जो फोटो टाकलाय, तो मी मोठा करून पाहिला. नव्या चिपचा आवाज ज्यातून बाहेर येतो ती प्लेअरच्या मागची लाल-पांढरी सॉकेटं मोकळी आहेत. एकच नारिंगी पिनेची वायर तुमच्या रिसीव्हरकडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरकडे, गेली आहे. साहेब, ते डिजिटल आउट आहे! तिथून डिस्कवरचे नुसते आकडे बाहेर पडतात, त्यांचा आवाज करायचं काम तुमचा रिसीव्हर स्वतःच्या चिपवर करतो. आम्ही बसवलेला पीसीएम १७९४ या डॅक चिपचा बोर्ड, त्याचा वेगळा ट्रान्सफॉर्मर, चिपच्या पुढच्या सर्किटातले ओपीए २१३४ ऑप-अॅम्प, यातलं काहीच त्या वायरीच्या वाटेत येत नाही. घरात फिल्टर बसवायचा आणि पाणी अंगणातल्या नळाचं प्यायचं, तसं झालं हे. फरक कळणार कुठून?

दुसरं म्हणजे, जमीन-अस्मानाचा फरक पडेल असं मी कधीच म्हटलं नव्हतं. एकोणीस-वीसचा पडेल म्हटलं होतं. सीडी १६ बिटची, ४४.१ किलोहर्ट्झची. २४ बिटची चिप घातली म्हणून डिस्कवर नसलेलं काही उगवत नाही. सुधारतो तो चिपला मिळणारा सप्लाय आणि चिपच्या पुढचं सर्किट. तुमच्या मशीनमधले तिथले कपॅसिटर फुगले होते, ते काढून तुमच्या हातात दिले होते. प्लेअर ठणठणीत असेल तर या कामावर पैसे घालू नका, हेही मीच गिऱ्हाइकांना सांगतो आणि हातचं काम सोडतो.

मशीन न्यायला आलात तेव्हा जुनं आउटपुट आणि नवं, दोन्ही स्विचवर लावून ऐकवली. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, म्हणून आधी १ किलोहर्ट्झचा टोन लावून दोन्हीकडे मीटरवर २ व्होल्ट जुळवले. तुम्हाला पाठमोरं बसवलं, कुठलं चालू आहे ते सांगितलं नाही. सीडीही तुमचीच, नाट्यसंगीताची. 'हे चांगलंय, डग्गा सुटा ऐकू येतोय,' असं तुम्ही नव्यालाच म्हणालात, तेही पुन्हा पुन्हा. मग खुशीने पैसे दिलेत. त्याच संध्याकाळी एक स्टार?

यापुढे जोडणीचं काहीतरी बिलावर लिहून देत जाऊ, बघतो. तोवर मशीन परत आणायची तसदी घेऊ नका. लाल-पांढरी आरसीए वायर रिसीव्हरच्या सीडी इनपुटला लावा आणि आवाजावर कसलीही प्रक्रिया न करणारा 'डायरेक्ट' मोड असेल तर तो चालू करा, कारण काही रिसीव्हर आत आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करतात आणि सगळं मुसळ केरात जातं. वायर नसेल तर दुकानातून घेऊन जा, पैसे नकोत. एवढं करूनही फरक वाटला नाही तर बोर्ड काढून घेतो, पैशांचं समोरासमोर बसून बघू. स्टार वाढवा न वाढवा, तुमची मर्जी. 'लुबाडतात' एवढं मात्र काढा साहेब, नवीन गिऱ्हाईक आधी तेच वाचतं.